कोनअप्पांचा हात का बिघडला

मे महिन्यात मुरुमच्या पेठेत कावळासुद्धा सावली सोडत नाही. अशा टळटळीत दुपारी एक गृहस्थ उजव्या हातात जाड लोकरी मोजा घालून रस्त्यानं चालत यायचे. अंगात मलमलचा सदरा, डोक्याला पांढरा रुमाल, डावा हात उघडा आणि उजव्या हातात मनगटापर्यंत चढवलेला तांबडा मोजा. तोही पायात घालायचाच. समोरच्यानं 'शरणार्थ' म्हणून नमस्कार केला, की ते डावा हात वर करायचे आणि म्हणायचे, "उजवा झोपलाय. उठवू नगा."

हे माझे घरमालक.

मी मूळचा तुळजापूरचा. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तेव्हा मास्तर म्हणून मुरुमला बदलून आलो आणि यांच्या अडत दुकानामागची खोली भाड्यानं घेतली. सामान लावत होतो तेवढ्यात हे दारात आले. रामराम नाही, शामराम नाही. एकदम उकिडवे बसले, एक डोळा मिटला, आणि माझ्या ट्रंकेच्या कडेशी नजर लावून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, ट्रंकेखाली विंचू असावा.

"कोन चुकला," ते म्हणाले.

"काय चुकला?"

"कोन. ट्रंक वीतभर डाव्या अंगाला सारा. दार उघडताना आदळंल."

ट्रंक सारली. दार उघडून बघितलं. केसाच्या अंतरानं ट्रंकेला न लागता ते पुरतं उघडलं.

"सगळं कोनावर हाय, मास्तर," असं म्हणून ते उठले आणि गेले.

त्यांचं खरं नाव मल्लिनाथअप्पा. पण गाव त्यांना कोनअप्पा म्हणायचं, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. पाऊस लांबला, तर ढगाचा कोन चुकला. भाकरी फुगली नाही, तर तव्याचा चुकला. कुणाच्या पोरीचं लग्न मोडलं, की म्हणायचे, "सोयरीक वाईट न्हवती हो, पण कोनच बसला न्हाय." एका लग्नात त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला अक्षता कशा टाकाव्यात हे समजावून सांगितलं. म्हाताऱ्यानं त्या तशा टाकल्या आणि मूठभर तांदूळ नवरदेवाच्या उघड्या तोंडात गेले. अप्पा म्हणाले, "बघा! मी म्हटलं न्हवतं का, बरोब्बर जात्यात?"

मी एकदा हौसेनं त्यांना भूमितीच्या तासाला वर्गात बोलावलं. त्यांनी फळ्यावरच्या माझ्या कोनाकडं बघितलं, कोनमापक हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि पोरांना म्हणाले, "हे मोजत बसला तर आयुष्य जाईल. कोन मोजायचा नसतोय, दिसायचा असतोय." पुढं महिनाभर माझ्या वर्गात एकही पोरगं कोनमापक काढेना. विचारलं की म्हणायचे, "गुरुजी, दिसतोय की."

अडत दुकान त्यांच्या बायकोनं सांभाळलेलं. गौराक्का. ठेंगणी, आवाजानं मोठी. तुरीच्या पोत्यात हात घालून ती डोळे मिटूनच माल कुठल्या रानातला ते सांगायची. दुकानात अप्पांचं काम एकच, गादीवर बसणं. तराजू ते धरत नसत, पोत्याला हात लावत नसत. "हात जड होतोय," म्हणायचे. गौराक्का म्हणायची, "व्हय, आणि माझा हात काय शेवरीच्या कापसाचा हाय?" पण त्यांच्यापुढं पोतं कधी सरकवत नसे.

का, ते मला पहिल्या आठवड्यात कळलं. दुकानाशेजारी त्यांचं कापसाचं जुनं गोदाम होतं. अप्पांनी कुलूप काढलं, दारं उघडली आणि म्हणाले, "चपला बाहेर काढा."

आत बिल्यर्डचं टेबल होतं. भलंमोठं, दोन खाटा शेजारी लावाव्यात तेवढं. सागवानी पाय गणपतीच्या मांडीसारखे. वर हिरवी बनात, जाड लोकरी कापड, ताणलेली, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये दोन भोकं, भोकांना जाळीच्या पिशव्या. वर पांढरी चादर झाकलेली, ती त्यांनी देवाचं वस्त्र उतरवावं तशी उतरवली. मी तुळजापुरात एवढे उत्सव बघितले, पण एखाद्या लाकडी वस्तूकडं माणूस असं बघताना बघितला नव्हता.

मग गोष्ट निघाली. वडिलांनी त्यांना शिकायला हैदराबादला ठेवलं. वर्गात एका नवाबाचा मुलगा होता, त्याच्याबरोबर हे हवेलीवर जायला लागले. तिथं हे टेबल. नवाबसाहेबांनी, एखादा पैलवान पाळावा तसा बिल्यर्ड खेळायला एक उस्ताद पगारावर ठेवला होता, करीमखाँ. उस्तादांनी या पोराच्या हातात काठी दिली आणि वर्षभरात ओळखलं की हा हात वेगळा आहे. विसाव्या वर्षी अप्पांनी क्लबातले सगळे हरवले. गोरे फौजी अधिकारी हरले, दिवाणाचे जावई हरले. लोक म्हणायचे, मुरुमच्या पोराला बॉल विचारून जातो, कुठल्या भोकात पडू? नवाबसाहेबांनी त्यांनाच पगारावर ठेवून घेतलं. कॉलेज सुटलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. वर्षभरातच हात बिघडला." अप्पा चादर पुन्हा अंथरायला लागले. "खडूमुळं."

काठीच्या टोकाला लावायचा निळा खडू लढाईमुळं विलायतेहून येईनासा झाला आणि देशी खडू घसरायचा, हे त्यांनी मला तपशीलवार सांगितलं. मला फार पटलं. चार लोकांना मी सांगितलंही. पुढच्या सोमवारी बाजारात त्यांनी कुणाला तरी सांगताना ऐकलं, "मिशी काढली आणि हात बिघडला. नेम धरताना वाऱ्याचा अंदाज मिशीला येत व्हता." मग कधी दोष चष्म्याचा असे, कधी हैदराबादच्या पाण्याचा. एकदा तर लग्नाचा म्हणाले. गौराक्का आतून तूर पाखडतापाखडता ओरडली, "लग्न एकोणिसाव्याला झालंय तुमचं! त्याच्यानंतरच जिंकलासा सगळं. माझ्यावर ढकलू नगा!" अप्पा माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "कोन चुकला."

गंमत म्हणजे हात बिघडल्यावरही नवाबसाहेबांनी त्यांना काढलं नाही. ते हरले की नवाबसाहेब पाहुण्यांसमोर विचारायचे, "मल्लिनाथ, आज क्या हुआ?" आणि हे एकेक कारण सांगायचे. हवेली पोट धरून हसायची. "त्येंना माझ्या खेळापेक्षा माझी कारणं आवडाय लागली," अप्पा सांगायचे, त्यातही एक अभिमान असायचा. पोलीस ॲक्शन झाली, संस्थान गेलं, हवेली विकायला निघाली. नवाबसाहेब म्हणाले, "मेरे पास अब कमरा नहीं. मेज तू ले जा." दुधनी स्टेशनापासून बैलगाड्यांवर ते टेबल मुरुमला आलं. अशा टेबलाच्या पोटात काळ्या दगडाच्या भल्या थोरल्या फरशा असतात. लोकांना वाटलं, अप्पा देऊळ बांधणार. दोघातिघांनी गाडीपुढं नारळ फोडले. उन्हाळ्यात शेजारच्या बायका गौराक्काला विचारायला आल्या, "एवढी चौरस जागा हाय, शेवया वाळत घालू का?" त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत.

पण इतक्या वर्षांत गावानं त्यांना खेळताना बघितलं नव्हतं. ते आत एकटेच असायचे. बाहेर टक् टक् आवाज यायचा. मुरुमची मात्र पक्की समजूत होती, की आपल्या गावात एक असा खेळाडू आहे ज्याच्यासमोर गोरे साहेब उभे राहिले नाहीत. हात बिघडल्याची कारणं गाव आवडीनं ऐकायचं, पण हात बिघडलाय यावर कुणाचा विश्वास नव्हता.

त्या वर्षी श्रावणात हा विश्वास पणाला लागला. उमरग्याला दौऱ्यावर आलेले नवे डेप्युटी कलेक्टर, कर्णिकसाहेब, पुण्याकडचे. तरणे, नुकतं लग्न झालेलं. कुणीतरी त्यांना टेबलाचं सांगितलं. साहेब कॉलेजात बिल्यर्ड खेळलेले. "या भागात टेबल? मी येतो," म्हणाले. रविवारी दुपारी जीप गोदामासमोर थांबली. साहेब उतरले, मागून त्यांची नवी बायको उतरली. गौराक्कानं तिला हाताला धरून आत नेलं आणि स्वतःशेजारी पाटावर बसवलं. बाकी गाव दारात, खिडकीत, आणि खिडकी भरल्यावर पत्र्यावर.

अप्पा येईनात. मी घरात गेलो, तर ते देवासमोर उभे. मोजा काढलेला. उजव्या हाताकडं बघत होते.

"अप्पा, सगळे थांबलेत."

"मास्तर, न्हाय खेळलो तर?"

"गावाला काय सांगू?"

त्यांनी विचार केला. या एका वेळी त्यांना कारण सुचलं नाही. मग म्हणाले, "चला."

खेळ साधा ठरला. जो आधी शंभर गुण करील तो जिंकला. पहिली दहा-पंधरा मिनिटं अप्पांचा एकही बॉल पडेना. साहेब पुढं गेले. पत्र्यावरून कुणीतरी "अप्पा, कोन!" असं ओरडलं, तसे अप्पा वाकले. एक डोळा मिटला. काठी त्यांच्या हनुवटीखालून सरकली, आणि पांढरा बॉल लाल बॉलला हळूच लागून, एका बाजूवर आपटून, वळून, दुसऱ्या पांढऱ्याला जाऊन टेकला. आवाजसुद्धा झाला नाही.

"वा!" साहेब म्हणाले.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मला तो खेळ कळत नाही. पण त्या माणसाचं वय उतरताना दिसत होतं. टेबलाभोवती ते चालत नव्हते, तरंगत होते. बॉल भोकात पडत होते, आणि पडायच्या आधीच अप्पा पुढच्या जागी जाऊन उभे राहत होते. गुण ओरडून सांगायचं काम माझ्याकडं होतं. माझा घसा बसला. साहेबांनीही टाय सैल केला आणि जिद्दीनं नव्वदीपर्यंत आले. अप्पा सत्त्याण्णववर पोचले. लाल बॉल कोपऱ्यातल्या भोकाच्या अगदी तोंडाशी. फुंकर मारली असती तर पडला असता. तो पडला की तीन गुण, आणि खेळ संपला.

अप्पा वाकले. नेम धरला. आणि मग मी बघितलं, त्यांची नजर बॉलवरून उठली आणि समोर उभ्या साहेबांच्या तोंडावर गेली. क्षणभरच.

काठी पुढं आली. लाल बॉल भोकाच्या काठाला आपटला आणि मंद मंद चालत साहेबांच्या पुढ्यात येऊन थांबला.

साहेबांनी तो टाकला, आणखी दोन-तीन टाकले आणि जिंकले. त्यांच्या बायकोनं न राहवून टाळी वाजवली, मग लाजली. गौराक्का म्हणाली, "वाजव गं, वाजव," आणि स्वतःही वाजवायला लागली. अप्पांनी साहेबांचा हात हातात घेतला, तोही उजव्या हातानं, आणि हसत म्हणाले, "लई चांगला हात हाय तुमचा. संभाळा."

गाव टेबलाकडं बघत होतं. अप्पा दारात आले, सगळ्यांकडं बघून म्हणाले, "काळी जमीन हो! पावसानं फुगली. टेबलाचा एक पाय वर आलाय." आणि गावानं सुटकेचा श्वास टाकला. बरोबर, जमीन! मुरुमच्या काळ्या मातीत भिंती फुटतात, तिथं टेबलाची काय कथा. संध्याकाळपर्यंत पेठेत प्रत्येक जण जमिनीला शिव्या देत होता.

चार दिवसांनी शाळेला सुट्टी होती. अप्पा म्हणाले, "मास्तर, बीदरला येता का? वर्षाला एक खेप करतो मी." गौराक्कानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून दिली होती. बीदर तोवर म्हैसूर राज्यात गेलं होतं. उमरग्याहून मोटार निघाली तेव्हा मी विचारलं, "अप्पा, तो बॉल चुकण्यासारखा नव्हता."

"न्हवता."

"जमीन?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. तुरी कमरेएवढ्या झाल्या होत्या.

"मास्तर, तोंड बघितलं का त्या पोराचं? नवी बायको बघत व्हती. छडी खायला हात पुढं केलेल्या पोरागत तोंड झालं व्हतं. खेळताना बॉलकडं बघायचं असतं. मी माणसाकडं बघाय लागलो. तिथंच खेळ संपला माझा."

"कधीपासून?"

"नवाबसाहेबांकडं पाहुणे आले व्हते. साहेब म्हणाले, उस्ताद आणि शागीर्द, दोघं खेळा. गंमत म्हणून. म्या काय, पोरगं व्हतो. जोरात खेळलो, जिंकलो. लोकांनी खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेब मुन्शीला म्हणाले, आजपासून हाच आपला खेळाडू. उस्तादांना जायला सांगितलं." अप्पांचा आवाज साधाच होता. "उस्तादांनी आपली काठी पुसली, माझ्या हातात दिली, आणि ट्रंक घिऊन बीदरला पोरीकडं गेले. जाताना म्या त्येंच्या तोंडाकडं बघितलं. तवापासनं शेवटच्या बॉलला समोर बघितल्याबिगर ऱ्हावत न्हाय."

"मग उस्तादांना हे सांगितलंत?"

"खुळे का काय, मास्तर? पहिल्यांदा भेटाय गेलो, तर तेच विचाराय लागले, बेटा, तेरे हाथ को क्या हुआ? डोळ्यात पाणी. त्येंना वाटत व्हतं, आपल्या शिकवण्यातच खोट ऱ्हायली. काय सांगू? तुमच्यामुळं बिघडला म्हणू? म्हणालो, खडू. तर म्हाताऱ्यानं सगळा बाजार फिरून खडू गोळा केला माझ्यासाठी. मग पुढच्या वर्षी दुसरं सांगावं लागलं."

बीदरला एका बोळात उस्तादांच्या मुलीचं घर होतं. उस्ताद बाजेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, दात गेलेले, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. अप्पांच्या पायांचा आवाज ऐकूनच म्हणाले, "आ गया मेरा शेर?" अप्पा जमिनीवर, त्यांच्या पायाशी बसले. चहा आला. म्हातारबुवांनी कडक भाकरी चहात बुडवून बुडवून खाल्ली आणि गौराक्काला दुवा दिली. अप्पांनी सामन्याची सगळी हकिकत सांगितली. उस्तादांचा चेहरा उजळत गेला, प्रत्येक बॉलला मान डोलत होती.

"फिर? जीता?"

"हार गया, उस्ताद."

"क्यूं?"

"जमीन. काली मिट्टी फूल गई. मेज टेढी हो गई."

उस्तादांनी मान हलवली, गंभीरपणे. अप्पा हात धुवायला मागं गेले. म्हातारबुवा माझ्याकडं वळले. "मास्टरसाब, आखरी गेंद किदर थी?"

"लाल होती. भोकाच्या तोंडाशी," मी मोडक्या हिंदीत सांगितलं.

त्यांनी अंगठा आणि बोट यांत जरासं अंतर धरून दाखवलं. "इत्ती?"

"इतकीच."

त्यांची बोटं तशीच हवेत राहिली. मग त्यांनी ती हळूच मिटली. "मारते वखत," ते म्हणाले, "गेंद कू देखा इसने?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"हौ," ते स्वतःशीच म्हणाले. "मैं बी येच सोचा."

अप्पा आले. उस्तादांनी लगेच आवाज चढवला, "ए बेटा, इदर बैठ. जमीन का इलाज है. मेज के पाँव के नीचे सीसम की पट्टी डाल. बरसात से पहले, समझा? बाद में डाला तो फायदा नहीं." त्यांनी अप्पांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि बोटं एकेक करून चोळायला लागले. पट्टी किती रुंद, किती जाड, कुठल्या पायाखाली, सगळं समजावून सांगितलं. अप्पा पहिलीतल्या पोरासारखे मान हलवत होते.

निघताना संध्याकाळ झाली होती. मोटारीत अप्पा खुशीत होते.

"बघितलं, मास्तर? रोग कसा बराबर धरला! उस्ताद ते उस्ताद."

"व्हय अप्पा," मी म्हणालो.

हुमनाबाद मागं पडलं. अप्पा खिडकीकडं तोंड करून बसले होते. मला वाटलं, झोप लागली. तर एकदम माझ्याकडं वळून काळजीच्या सुरात म्हणाले, "मास्तर, सीसमची पट्टी बसली की जमिनीचं कारण संपलं. मग पुढच्या वर्षी काय सांगावं? दाढेचं म्हटलं तर? दाढ दुखत असली की नेम हलतोय. दाढ आजून झाली न्हाय आपली."

"दाढ चालेल," मी म्हणालो. "पण कुठली, ते आत्ताच ठरवून ठेवा. उस्ताद विचारतील."